टिकल्या लावणारे सर

आमच्या सरांना जालन्याच्या बाजारात टिकल्या विकत घेताना ज्यांनी पाहिलं, त्यांनी त्यांच्याविषयी काय काय समज करून घेतला असेल ते देव जाणे. साठीला टेकलेला, बिनलग्नाचा माणूस. खिशाला तीन पेनं, पायात कायम त्याच चामड्याच्या चपला. आणि दुकानातल्या बाईला विचारतोय, "लाल हाय, ते बराबर हाय. काळ्या दाखवा. बारीकातल्या बारीक. मोठ्या टिकलीखाली अख्खं बेल्जियम दबून जातं."

दुकानातल्या बाईचा चेहरा मी बघितलाय. पहिल्यांदा मी सोबत होते, आणि तिनं माझ्या कपाळाकडे असं काही बघितलं की मी दुसऱ्या दुकानात बांगड्या बघायला निघून गेले.

टिकल्या लागायच्या त्या नकाशाला. सरांच्या खोलीत, खुर्चीच्या मागे, शाळेत असतो तसा जगाचा मोठा नकाशा होता. शास्त्रज्ञ लेख लिहितो, तो छापून येतो, आणि पुढे दुसरा कुणी आपल्या लेखात त्याचा दाखला देतो, की अमक्यानं असं दाखवलंय. त्याला सायटेशन म्हणतात. बाकीचे लोक सायटेशनचा आकडा कॉम्प्युटरवर बघतात. सर त्याला पाहुणा म्हणायचे. सकाळी आल्या आल्या मला हाक मारायचे, "अगं, पाहुणा आला! ब्राझीलवरून!" आणि मग चपला काढून खुर्चीवर चढून ब्राझीलवर एक टिकली चिकटवायचे. पटलेल्याची लाल, न पटलेल्याची काळी. काळी टिकली लावताना त्यांना जास्त आनंद व्हायचा, हे मला कळायला वर्ष लागलं. म्हणायचे, "ह्यानं वाचलंय म्हणून भांडून राह्यला. लालवाले अर्धे तर नाव वाचूनच दाखला देतात." कुठल्याशा बेटावरच्या एका माणसानं त्यांचा दाखला दिला तेव्हा टिकली बेटापेक्षा मोठी निघाली. सरांनी कात्रीनं ती अर्धी कापली.

आमचं कॉलेज नवीन जालन्यात. बियाणे कंपन्यांची ऑफिसं आणि बँका ओलांडून स्टेशनाकडून आलं की लागतं. सर तिथं बायोकेमिस्ट्री शिकवायचे. मी मंठ्याची. आधी त्यांच्या प्रयोगशाळेत टेक्निशियन म्हणून लागले आणि मग त्यांच्याकडेच पीएच.डी.ला नाव घातलं. नाव घातलं म्हणजे त्यांनी घालायला लावलं. "सुई तू मारते, मशीन तू चालवते, अन् लेखाखाली नाव माझं एकट्याचं? बिलकुल न्हाई."

सरांचे सगळे मिळून लेख अकरा. तेवढ्या वयाच्या माणसाला अकरा म्हणजे अगदीच थोडे. तपासणीला समिती यायची असली की प्रत्येकाच्या लेखांची यादी मागवतात. आमच्याकडे असे वीर होते की ज्यांची यादी पानं उलटून संपत नसे, आणि त्यातला एकही लेख त्यांच्या बायकोनंसुद्धा वाचलेला नसे. एका वर्षी प्राचार्यांनी सरांचा कागद उलटापालटा करून विचारलं, "सर, एवढेच?"

सर म्हणाले, "एवढंच म्हणायचं होतं मला."

आता हे ऐकायला भारी वाटतं, पण तेव्हा मला त्यांचा राग यायचा. सरांच्या मागे विद्यार्थी म्हणून मी होते. गाइडची यादी लांब असली की विद्यार्थ्याकडे जरा बऱ्या नजरेनं बघतात. पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या मासिकांची पत्रं सरांना रोज यायची. 'परमआदरणीय प्राध्यापक, आपल्या थोर कार्यानं आम्ही भारावलो आहोत, आमच्या दंतवैद्यकाच्या अंकासाठी लेख द्यावा.' इतर लोक ती पत्रं उडवून टाकतात. सर प्रत्येकाला उत्तर द्यायचे, तेही मराठीत. 'सप्रेम नमस्कार. पत्र पावलं. दातांचा मला अनुभव न्हाई, माझेच दोन पडलेले आहेत. घरच्या सगळ्यांस नमस्कार.' माझं म्हणणं असायचं की एवढ्या वेळात बारावा लेख झाला असता.

त्यांचं दुसरं वेड भाकरीचं. प्रयोगशाळेत रक्ताचे नमुने ठरावीक तापमानाला ठेवायला इनक्युबेटर असतो. जुना एक मोडीत निघाला होता. सरांनी तो घासूनपुसून आपल्या खोलीत आणला आणि सदतीस अंशावर लावून त्यात डबा ठेवायला सुरुवात केली. ज्वारीची भाकरी, ठेचा, कधी अंबाडीची भाजी. "अंगाच्या तापमानाची भाकरी खावी. पोटाला परकी वाटत न्हाई." ह्याला शास्त्रीय आधार काय, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, "आधार काही न्हाई. म्हणून तर लेख लिहिला न्हाई त्यावर."

कॉलेजच्या फाटकाबाहेरच्या चहावाल्याला त्यांनी एच-इंडेक्स समजावून सांगितला होता. शास्त्रज्ञाचं वजन मोजायचं ते माप. "हे बघ, तुझ्याकडं सात गिऱ्हाइकं अशी पाहिजेत की प्रत्येक जण कमीत कमी सात वेळा परत आला. मंग तुझा एच-इंडेक्स सात."

चहावाल्यानं विचार करून विचारलं, "माझा मेव्हणा रोज येतो. त्याला धरायचं का?"

"घरच्याला धरायचं न्हाई. ते सेल्फ-सायटेशन."

चहावाला हिरमुसला. मला वाटतं त्याचा इंडेक्स बराच घसरला असावा.

सरांच्या अकरापैकी दहा लेखांना मिळून जेवढ्या टिकल्या होत्या, त्यापेक्षा जास्त एका अकराव्या लेखाला होत्या. तो आमचा दोघांचा. जालन्याच्या आसपास बियाण्याचे प्लॉट असतात, हे इथं कुणाला सांगायला नको, पण बाहेरच्यांसाठी सांगते. एका झाडाच्या फुलातला पराग दुसऱ्या झाडाच्या फुलाला हातानं लावायचा. त्याला सगळे क्रॉसिंग म्हणतात. ते काम बाया करतात, तोंडाला रुमाल गुंडाळून, सकाळपासून उन्हं चढेपर्यंत. आदल्या दिवशी प्लॉटवर औषध फवारलेलं असलं तरी दुसऱ्या दिवशी फुलं थांबत नाहीत, म्हणून बायाही थांबत नाहीत. त्या औषधानं रक्तातलं एक एन्झाइम उतरतं. किती उतरतं, किती दिवसांनी परत चढतं, ते आम्ही दोन हंगाम गावोगाव फिरून मोजलं. कॉलेजची जीप, चालवायला अहमदचाचा, मांडीवर बर्फाचा डबा आणि मी.

पहिल्या हंगामात रिपोर्ट पोस्टानं गेले आणि भलत्याच हातात पडले, तेव्हापासून सरांचा नियम असा की ज्या बाईचं रक्त घेतलं तिला तिचा रिपोर्ट घरी जाऊन वाचून दाखवायचा. पोस्टानं नाही, कुणाच्या हाती नाही. "रक्त घेतलं तिच्याकडून. मंग उत्तर द्यायला नको?" लेख छापून आल्यावर तर ते पाहुण्यांच्या बातम्याही सांगत सुटले. एकदा एका ओट्यावर बसून त्यांनी सांगितलं, "मावशी, तुमचं रक्त ब्राझीलच्या एका बाईनं वाचलं बरं का."

मावशीनं विचारलं, "कामून? तिला सोताचं न्हाई का?"

सर आठवडाभर हे सगळ्यांना सांगत होते.

आणि मग ते पत्र आलं. माझा प्रबंध टाइप होत होता. सगळा प्रबंध त्याच रक्तावर उभा. पत्र मासिकाच्या संपादकांचं. कुणा वाचकानं, त्याचं नाव कळवलं नव्हतं, आमच्या लेखासोबतची सगळी आकडेवारी तपासली होती. आकडेवारीत बायांची नावं नसतात, नुसते क्रमांक. त्यातल्या दोन ओळी एकमेकींशी फारच जुळत होत्या. वयात एका वर्षाचं अंतर, उंची तीच, रक्तगट तोच आणि तोही दुर्मीळ, आणि ते एन्झाइम दोघींचंही इतकं खाली की बाकी कुणाचं त्याच्या जवळपास नाही. 'एखादी ओळ चुकून किंवा अन्य प्रकारे दोनदा आली आहे काय? महिन्याभरात खुलासा करावा.'

'अन्य प्रकारे' हे दोन शब्द मी पुन्हा पुन्हा वाचले. अन्य प्रकारे म्हणजे बसल्या जागी रचून. खुलासा पटला नाही तर लेख मागे घेतात. मागे घेतलेला लेख कायम तसाच दिसत राहतो, वर ठळक अक्षरात शिक्का. सरांच्या आयुष्यभराच्या कामावर तो शिक्का बसणार होता, आणि माझ्या प्रबंधावर तो सादर होण्याआधीच.

कुलपातली नावांची यादी काढली. पहिली ओळ मंठ्याकडच्या एका गावातली, मीरा नावाची मुलगी. दुसरी ओळ पुढच्या हंगामातली, राजूरच्या पुढच्या गावातली, आरती नावाची सून. गावं वेगळी, आडनावं वेगळी, तालुकेही वेगळे. मीराचं रक्त मी स्वतः घेतलं होतं, तेव्हा सर सोबत नव्हते. आरतीच्या गावी मी गेले नव्हते. मला ताप होता, म्हणून सर एकटेच चाचांबरोबर गेले होते आणि नमुने आणून माझ्या टेबलावर ठेवले होते.

आता जे सांगते ते सांगायची लाज वाटते. मला माझी ओळ खरी आहे हे पक्कं ठाऊक होतं. मग खोटी कुठली? त्या हंगामाच्या शेवटी आम्हाला ठरलेल्या संख्येत एक बाई कमी पडत होती, आणि सर रोज घोकत होते, "एक पाहिजे अजून, एकच पाहिजे." आणि मी तापात पडलेली असताना नेमकी एक मिळाली. माझ्या मनात आलं की सरांनी जुन्याच एका नमुन्याच्या दोन नळ्या केल्या. खुर्चीवर चढून टिकली लावणारा हा माणूस टिकल्यांसाठी एवढं करेल का? नाही करणार, असं मी स्वतःला दिवसातून दहा वेळा सांगायची, आणि अकराव्यांदा वाटायचं, केलं असलं तर?

सरांनी खुर्चीवर चढणं सोडलं. पाहुण्यांची हाक बंद झाली. इनक्युबेटरमधला डबा दोनदा तसाच घरी गेला. आणि ते मला विचित्र प्रश्न विचारायला लागले. "तुला तेव्हा ताप किती होता गं?" "लाइट गेल्ती का त्या दिवशी? फ्रिज बंद पडलं होतं का?" मी म्हणायची, "नाही सर." आणि उलट मी विचारायची, "सर, राजूरला तुम्ही कोणत्या रस्त्यानं गेल्ता? तिथं कोणाच्या घरी बसले?" ते म्हणायचे, "आता आठवत न्हाई बराबर." आम्ही दोघं एकमेकांना असे आडून आडून विचारायचो आणि एकमेकांच्या डोळ्यांत बघायचो नाही. बारा दिवस असे गेले. इतके वाईट दिवस मी त्या कॉलेजात दुसरे काढले नाहीत.

तेराव्या दिवशी सर म्हणाले, "चल. दोघींच्याही घरी जाऊ. दोघींनाही समोर बघू." मी म्हटलं चला. मला वाटलं, हे मला मीराच्या दारात उभी करून तपासणार. मला राग आला, पण मीही मनात ठरवलं की संध्याकाळी आरतीच्या दारात मी त्यांना तपासणार.

मीराच्या घरी तिची आई ओट्यावर तूर निवडत बसली होती. मला ओळखलं तिनं. "या ताई, या. रगत घ्यायला आल्या का पुन्हा?" सरांचा जीव भांड्यात पडलेला मी बघितला. मीरा नावाची मुलगी होती, मी तिचं रक्त घेतलं होतं, एवढं तर खरं ठरलं. पण तेवढ्यानं त्यांच्या चेहऱ्यावरची काळजी गेली नाही. मीच विचारलं, "मीरा कुठंय, मावशी?"

"दिली न्हाई का तिला! तुम्ही रगत घेतलं त्याच उन्हाळ्यात लग्न झालं. तुमचा तो रिपोट पोस्टानं आल्ता तवा ती सासरीच व्हती, मीच घेतला व्हता. राजूरच्या पल्याड दिली. चांगले लोकं हायती." मग तिनं सूप बाजूला ठेवलं. "अन् आता मीरा म्हणून इचाराल तर तिथं कोणी सांगणार न्हाई बरं. लग्नात नाव बदललं. आरती म्हणतेत तिला."

सरांच्या हातात चहाची बशी होती. त्यांनी ती खाली ठेवली. मग पुन्हा उचलली, चहा एका घोटात संपवला आणि म्हणाले, "मावशी, आणखी एक कप मिळंल का?"

आमच्याकडे लग्नात मुलीचं आडनाव बदलतं, ते तर बदलतंच. पण बऱ्याच घरांत नावही बदलतात. ताटात तांदूळ पसरून त्यावर नवऱ्यानं अंगठीनं नवं नाव लिहायचं आणि त्या दिवसापासून तिला त्या नावानं हाक मारायची. माझ्या सख्ख्या मावशीला दोन नावं आहेत. सरांच्या बहिणीलाही आहेत. आम्ही दोघंही ह्याच मातीतले, दोघांनी अशी शंभर लग्नं जेवलेली, आणि यादी करताना दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही की पहिल्या हंगामातली माहेरवाशीण दुसऱ्या हंगामात दुसऱ्या गावात दुसऱ्या नावानं भेटू शकते. बाहेरच्या कुणी ही चूक केली असती तर आम्हीच त्याला हसलो असतो.

जीप मंठ्याच्या रस्त्याला लागली. मग सर समोर रस्त्याकडे बघत म्हणाले, "मला वाटलं होतं, मी आणलेली नळी तुझ्या हातून फुटली. अन् तापात, भेऊन, तू जुना आकडा लिहून टाकला."

मी म्हटलं, "मला वाटलं होतं, तुम्ही गेलाच नव्हता. एक बाई कमी पडत होती म्हणून."

सरांनी माझ्याकडे वळून बघितलं. मला वाटलं, आता ओरडतील. त्यांच्या जागी मी असते तर ओरडले असते. पण ते हसायला लागले. हसताना डोळ्यांतून पाणी आलं, चष्मा काढला, रुमालानं पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढला. मला रडूच आलं. बारा दिवसांचं एकदम. चाचांनी घाबरून गाडी रस्त्याच्या कडेला घेतली.

"क्या हुआ सर? मॅडम, काय झालं?"

सर म्हणाले, "काही न्हाई चाचा. दोघंही चोर समजून राह्यलो होतो एकमेकाला. दोघंही सुटलो."

चाचांना सगळं सांगितल्यावर ते स्टिअरिंगवर हात मारून म्हणाले, "मैं तो उसी दिन समझा था, सर. राजूरच्या गावात ती पोरगी बघून मला वाटलं होतं, हिला मंठ्याकडं पाह्यलेलं हाय. पण ड्रायव्हरला कोण विचारतं?"

"आता लेखात तुमचं नाव टाकतो," सर म्हणाले. चाचा म्हणाले, "नाम नको सर, टायर बदला."

मला त्या जीपमध्ये किती हलकं वाटलं ते सांगता येत नाही. प्रबंध वाचला म्हणून नव्हे. तो वाचेल का नाही ते अजून ठरायचंच होतं. हा माणूस मला पुन्हा पहिल्यासारखा बघता आला म्हणून.

आरती संध्याकाळी भेटली. सासू घरात होती. सर सासूशी पाऊसपाणी बोलत बसले आणि मी आरतीला हात धुवायच्या निमित्तानं मागच्या अंगणात गाठलं. पोरगी बावीस-पंचविशीची, कडेवर लेकरू. मी नुसतं "मीरा" म्हटलं, तशी तिनं ओठावर बोट ठेवलं.

"ताई, हळू. सासूबाईला ठावं न्हाई मी आधी माहेरी रगत दिल्तं ते. तुमची गाडी आल्ती तवा लग्नाला दोन महिने झाल्ते. सासूबाई म्हणल्या, फुकट तपासतेत, दे. मी एकदा दिलंय म्हणले असते तर इचारलं असतं, कामून दिल्तं? काय दुखणं व्हतं तुला? आमच्यापासून लपवलं का? मंग गप हात पुढं केला." मग घाबरून विचारलं, "काही बिघडलं का माझ्यामुळं?"

मी म्हटलं, काहीच बिघडलं नाही. त्या वेळेला हे खरं होतं की नाही ते मला ठाऊक नव्हतं, पण मी अगदी मनापासून म्हटलं.

तिच्या परवानगीनं सरांनी पुन्हा थोडं रक्त घेतलं. आता ना फवारणीचा हंगाम होता ना ती प्लॉटवर जात होती. लेकरू झाल्यापासून काम बंद. तरी एन्झाइम तेवढंच खाली. म्हणजे औषधाचा दोष नव्हताच, तिचं जन्मापासूनच तसं. असे लोक फार थोडे असतात. त्यांना एरवी काही त्रास होत नाही, पण ऑपरेशनच्या वेळी भूल देताना एक ठरावीक औषध दिलं तर श्वास परत यायला फार वेळ लागतो. डॉक्टरला आधी ठाऊक असलं की काही भीती नाही. सर म्हणाले, "ती एकदाच मोजली असती तर आपण औषधावर ढकलून मोकळे झालो असतो. दोनदा मोजली म्हणून कळलं." त्या वाचकाला शिव्या घालायचा माझा बेत होता. सरांनी त्याला संपादकांमार्फत आभाराचं पत्र पाठवलं, आणि ते मात्र इंग्रजीत.

पुढचे दोन आठवडे आम्ही यादीतल्या प्रत्येक बाईचं माहेर आणि सासर विचारत फिरलो. सर म्हणाले, एक निघाली, तर अजून निघतील. एकही निघाली नाही. सगळं गणित नव्यानं मांडलं, निष्कर्ष होता तिथंच राहिला. मासिकानं एक छोटी दुरुस्ती छापली, की एका व्यक्तीची नोंद दोनदा झाली होती, दुसरी नोंद वगळली आहे. लेख मागे घेतला नाही. माझा प्रबंध विद्यापीठात गेला आणि पासही झाला. नावं कशी बदलतात आणि यादी करताना काय विचारायला हवं, ह्यावर मग आम्ही चार पानं लिहिली, तो सरांचा बारावा लेख. प्राचार्यांनी कागद बघून विचारलं, "सर, बारा?" सर म्हणाले, "हो, एक गोष्ट राहून गेल्ती सांगायची." त्या बाराव्या लेखाला आतापर्यंत एकच पाहुणा आलाय, तोही आपल्या देशातला. सर आता निवृत्त होऊन राजूरला राहतात. त्या टिकलीसाठी ते खास एसटीनं कॉलेजात आले होते.

पण मला सांगायचंय ते दुरुस्ती छापून आली त्या आठवड्यातलं. सर आरतीला रिपोर्ट द्यायला गेले, नियमाप्रमाणे, मीही सोबत होते. सोबत एक चिठ्ठी घेतली होती, मराठीत आणि इंग्रजीत, भुलीच्या डॉक्टरला दाखवायची, प्लास्टिकमध्ये बंद करून. ओट्यावर बसून त्यांनी तिला सगळं वाचून दाखवलं. रिपोर्ट, चिठ्ठी, दुरुस्ती. सासू आत चहा ठेवत होती. चिठ्ठीवर सरांनी दोन्ही नावं घातली होती. ती बघून आरती म्हणाली, "ते बराबर केलं सर. आधारकार्डावर अजून माहेरचंच हाय, पुढच्या महिन्यात बदलणार हायती."

मग तिनं चिठ्ठी पदरात बांधली आणि विचारलं, "सर, तुम्ही म्हणले, एक वगळलं. मंग माझं कोणतं काटलं? माहेरचं का सासरचं?"

सरांना हा प्रश्न आजवर कुठल्याही देशातल्या कुणी विचारला नव्हता. त्यांनी दुरुस्तीचा कागद पुन्हा बघितला. म्हणाले, "पहिलं घेतलेलं ठेवायचं असतं. सासरचं काटलं. छापलंय त्यात नावं नसतात, पण आमच्या यादीत आता तू मीरा हायस."

तिनं वळून आतल्या दाराकडे बघितलं. आत कपबशा वाजत होत्या. मग सरांकडे वळून ती अगदी हळू म्हणाली, "तेवढं एका जागी तरी राहू द्या, सर."